रजेच्या अर्जात 'प्रणय' हा शब्द लिहा

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहात. चार वर्षं 'प्रतिलिपी' या ऑनलाइन साहित्यमंचावर मराठी प्रेमकथा लिहिताय, एक इंग्रजी कादंबरी पूर्ण होत आली आहे आणि येत्या जुलैत इंग्लंडला रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशनच्या परिषदेला जायचं मनात आहे. पासपोर्ट कोरा आहे. व्हिसा मिळेल का, खर्च वसूल होईल का, बोलायला इंग्रजी पुरेल का, संपादकांना कसं भेटायचं, मिस्टरांना न्यावं का, असे तुमच्या पत्रातले प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, दबक्या आवाजात विचारलेला एक: "शाळेत काय सांगू?"

मी त्या कंसातल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण याच परिषदेचा माझा पहिला प्रवास तिथेच अडखळला होता.

२०१७ साली मी एका सहकारी बँकेत होते. रजेच्या अर्जात मी 'साहित्यविषयक चर्चासत्रासाठी' असं लिहिलं. प्रणयकादंबऱ्यांची परिषद म्हटलं तर आस्थापना विभागात आठवडाभर चहाबरोबर चघळायला विषय झाला असता. बँकेनं पत्र दिलं, त्यात 'लिटररी सेमिनार' आलं. व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या पत्रात मी स्वतः 'पर्यटन व परिषद' असं लिहिलं. आणि आयोजकांच्या नोंदणीच्या कागदावर ठळक अक्षरांत 'रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स'. पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला जायच्या आदल्या रात्री भाच्यानं फाईल चाळली आणि म्हणाला, "मावशी, तीन कागद, तीन कारणं. तू नक्की कुठे चालली आहेस?" ती वेळ रद्द केली, नवी घेतली आणि साहेबांपुढे नवा अर्ज ठेवला. त्यांनी वाचला. "म्हणजे तसल्या कादंबऱ्या?" म्हणाले. म्हटलं, "हो, तसल्याच." त्यांनी माझ्या अर्जातलं 'रोमँटिक'चं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि सही केली.

तेव्हा तुमच्या अर्जात संस्थेचं नाव पूर्ण लिहा, परिषदेचं नाव पूर्ण लिहा आणि तोच मजकूर सगळ्या कागदांवर येऊ द्या. व्हिसा अधिकाऱ्याला प्रणयाशी देणंघेणं नसतं. तुम्ही कशासाठी जाताय, त्या प्रवासाला पैसा कुठून आला आणि परत यायला तुमच्यामागे काय आहे, एवढंच त्याला कागदांवरून जुळवायचं असतं.

आता तारखांचं गणित. ब्रिटनचा साधा अभ्यागत व्हिसा तुम्हाला पुरतो, परिषदेला हजर राहणं त्यात बसतं. अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला सर्वसाधारण तीन आठवडे धरतात. म्हणजे जुलैच्या मध्यावर जायचं तर एप्रिलच्या मध्यापासून खिडकी उघडते. पण तुमची खरी अडचण लंडनची नाही, तालुक्याची आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, महिन्याभरात तुम्ही रजा मागणार, शिवाय परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी हवी. तो प्रस्ताव मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा योग्य मार्गाने वर चढणार आणि प्रत्येक टेबलावर थोडी विश्रांती घेणार. जानेवारीतच अर्ज टाका, आवक क्रमांक लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी हसतमुखानं चौकशीला जा.

सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या आणि रजा मंजुरीचं पत्र जोडा. अर्जाच्या आधी आठ दिवस दिरानं किंवा भावानं खात्यात दोन लाख टाकायचे, हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय करू नका. अचानक आलेली मोठी रक्कम शंका वाढवते. कुणी खर्च उचलत असेल तर तसं उघड लिहा आणि त्यांचे कागद जोडा. शेती नावावर असेल तर सातबारा उपयोगी पडतो, पण तो मराठीत असतो. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. गल्लीतल्या टायपिंगवाल्याकडून नुसतं टंकून आणलेलं चालत नाही. आणखी एक, आपल्या छापील पुस्तकाच्या वीसेक प्रती विकायला म्हणून नेऊ नका. अभ्यागत व्हिसावर लोकांना थेट माल विकता येत नाही. दोन-तीन प्रती भेट म्हणून पुष्कळ झाल्या.

ही परिषद बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या आवारात भरते, उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या रिकाम्या असतात म्हणून. मी गेले त्या वर्षी ती श्रॉपशरमधल्या हार्पर ॲडम्स या कृषी विद्यापीठात होती. प्रणयकादंबऱ्यांवर तीन दिवस खल करायला आपण राहुरीच्या आवारात जमलोय, असं डोळ्यांपुढे आणा. बाजूला शेतं, ट्रॅक्टर, वारा फिरला की गोठ्याचा वास. लंडनच्या स्वप्नात असाल तर आधी ठिकाण नकाशावर बघा आणि मग विमानाचं तिकीट काढा.

मी काय केलं ते सांगते. विद्यापीठाचा पत्ता 'न्यूपोर्टजवळ'. मी रेल्वेच्या संकेतस्थळावर न्यूपोर्ट टाकलं, स्टेशन मिळालं, तिकिटाचे पैसे भरणार एवढ्यात प्रवास पॅडिंग्टनवरून वेल्सकडे दिसला. ते न्यूपोर्ट वेगळं. श्रॉपशरच्या न्यूपोर्टला आता रेल्वेच जात नाही. तिथलं स्टेशन १९६४ सालीच प्रवाशांसाठी बंद झालं. आपल्याकडे वडगाव किती आहेत आठवा आणि एसटीच्या पाटीवर 'वडगाव' एवढंच वाचून चढणाऱ्याचं काय होतं तेही. मी शेवटी टेलफर्डला उतरले आणि तिघींनी मिळून टॅक्सी केली. ती टॅक्सी माझी पहिली मुलाखत ठरली, कारण त्यातली एक बाई बावीस कादंबऱ्या लिहिलेली होती आणि तिनं माझी पिशवी मांडीवर घेतली होती. आयोजकांना आधी लिहून विचारा की तुमच्याच गाडीनं आणखी कोण येतंय. लोक आनंदानं जुळवून देतात.

खर्चाबद्दल सरळ बोलते. तेव्हा पौंड त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी रुपयांना होता, आता तो शंभरीच्या बराच पुढे आहे. तुम्ही धरलेले अडीच लाख अवास्तव नाहीत. पण ते वसूल होतील का, या प्रश्नाला माझ्याकडे उलटा प्रश्न आहे: कादंबरी 'पूर्ण होत आली आहे' म्हणजे नेमकी कुठे आहे? शेवटचं प्रकरण लिहून झालं असेल, एकदा तरी स्वतः तोडमोड केली असेल, तर जा. पंचवीस हजार शब्द उरले असतील तर या वर्षी पैसे खर्च करू नका. याच संस्थेची नवलेखकांसाठी एक योजना १९६२ पासून चालू आहे. तिच्यात प्रकाशित लेखक नवोदिताचं हस्तलिखित वाचून लेखी अभिप्राय देतात. अर्धवट हस्तलिखित घेऊन समुद्र ओलांडण्यापेक्षा असा एक कठोर अभिप्राय जास्त शिकवतो.

संपादक आणि एजंट यांच्या भेटी ठरवून असतात, साधारण दहा मिनिटांच्या. आधी नाव नोंदवावं लागतं आणि पहिलं प्रकरण नि कथासार कित्येक आठवडे आधी पाठवावं लागतं. समोरच्यानं ते वाचलेलं असतं, म्हणून आत जाऊन कथा सांगत बसू नका. आपले लोक कथासारात शेवट लपवतात, 'पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा' अशा थाटात. तिथे कथासार म्हणजे शेवटासकट सगळं. संपादकाला उत्कंठा नको असते, गाडी मुक्कामाला पोचते की नाही ते बघायचं असतं.

आणि इथेच तुमच्या कादंबरीबद्दल बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की नायक शेवटी कर्करोगानं जातो आणि नायिका त्याच्या आठवणीत शाळा चालवते. ही प्रेमकथा आहे. त्यांच्या बाजाराच्या भाषेत मात्र हा रोमान्स नाही. मिल्स अँड बूनसारख्या (१९०८ सालची प्रकाशन कंपनी, आज हार्लेक्विनमार्फत हार्परकॉलिन्सच्या छत्राखाली) मालिकांत दोघं शेवटी एकत्र आणि सुखात हवीत, ही अट आहे. तिला ते एचईए म्हणतात, 'हॅपिली एव्हर आफ्टर', म्हणजे 'आणि ते सुखानं नांदू लागले'. थोडी सैल अट म्हणजे निदान तूर्त तरी सुखात. आपल्या वाचकाला विरह गोड लागतो, डोळे पुसत पुस्तक मिटलं की पैसे वसूल. तिकडचा मालिकेचा वाचक रहस्यकथेच्या वाचकासारखा आहे. खुनी सापडलाच नाही तर तो पुस्तक भिंतीवर मारेल.

याचा अर्थ शेवट बदला असा नाही. या संस्थेत घराण्यांच्या लांबलचक गाथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, कौटुंबिक कादंबऱ्या लिहिणाऱ्याही खूप आहेत, त्यांना मृत्यू वर्ज्य नाही. पण मग भेट मागताना मालिकांच्या संपादकाकडे मागू नका. अशा मालिकेतली कादंबरी पन्नास हजार शब्दांच्या आसपास असते. तुमची नव्वद हजारांची आहे. सुटी, स्वतंत्र कादंबरी छापणाऱ्यांकडे जा. चुकीच्या खोलीत नकार मिळाला की माणूस आपलं लेखनच वाईट समजतो.

त्यांची परिभाषाही आधी डोळ्यांखालून घाला. शत्रूचे प्रियकर होणं, खोटं खोटं जमलेलं जोडपं, सोयीसाठी केलेलं लग्न, एकाच खोलीत अडकलेले दोघं, असे साचे त्यांच्याकडे नावानिशी आहेत आणि ते साचा म्हणताना नाक मुरडत नाहीत. माझी कथा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून ठरलेल्या लग्नाची होती. मी आत गेल्या गेल्या सफाई द्यायला लागले की आता आमच्याकडे तसं राहिलं नाही, मुली शिकल्या आहेत वगैरे. समोरची संपादक म्हणाली, ते राहू दे, मला एवढंच सांग, ती 'नाही' कुठल्या क्षणी म्हणू शकली असती, आणि तिथे तिनं ते का म्हटलं नाही? दहा मिनिटांतली उरलेली सहा आम्ही त्या एका प्रश्नावर घालवली. हस्तलिखितात तो क्षण नव्हताच. बशी ठेवायला वाकलेली मुलगी होती, मोगरा होता, मेंदी होती. परक्या वाचकासाठी म्हणून मी नंतर भरलेली सगळी सजावट होती ती. घरी आल्यावर मोगरा काढला आणि स्वयंपाकघरात आईशी झालेलं तीन पानांचं बोलणं घातलं.

इंग्रजी पुरेल. तुम्ही ज्या इंग्रजीत मला पत्रातला अर्धा भाग लिहिलात तेवढं पुष्कळ आहे. अडचण बोलण्याची नाही, ऐकण्याची येते, कारण यॉर्कशर, ग्लासगो आणि कॉर्नवॉलची माणसं एकाच टेबलावर बसतात. निःसंकोच 'पुन्हा सांगा' म्हणा. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची, सत्तर वर्षांच्या नामांकित लेखिकेलाही. माझ्या तोंडून पहिला दिवसभर 'मॅडम' निघत होतं आणि प्रत्येक वेळी ती बाई मागे वळून बघायची की कोण आलंय.

सत्रांबद्दल एक सूचना. शनिवारी सकाळी साडेनऊला, पोटात नाश्ता असताना, शय्यादृश्य कसं लिहावं यावर तासभर व्याख्यान असू शकतं आणि स्वेटर घातलेल्या आज्या वह्यांत टिपणं घेत असतात. मी पहिली पाच मिनिटं टेबलाकडे बघत काढली. मग लक्षात आलं की चर्चा चाललीय ती लयीची: वाक्य कुठे आखूड करायचं, संवाद कुठे थांबवायचा, दार कुठे लोटून घ्यायचं. ज्यांना दार बंद ठेवूनच लिहायचंय त्यांच्यासाठीही मोठी बाजारपेठ आहे. संपादक विचारतात ते फक्त दार कुठे बंद होतं एवढंच. तुमचं उत्तर तयार असू द्या, लाजू नका.

ही निर्भीडता त्यांना आयती मिळालेली नाही. संस्था १९६० साली निघाली, डेनिस रॉबिन्स पहिल्या अध्यक्ष, बार्बरा कार्टलंड उपाध्यक्ष, दोघी प्रणयकादंबरीकार. ग्रंथालयांतून सर्वांत जास्त नेली जाणारी पुस्तकं लिहिणाऱ्या बायकांना आपण काय लिहितो ते सांगताना ओशाळं व्हावं लागत होतं, त्यातून ती उभी राहिली. तिथे तुम्हाला हमखास विचारतील, मराठीत असं लेखन आहे का? मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, हे अजून खुपतं. सांगा की प्रणयकादंबऱ्यांसाठी गाजलेले ना. सी. फडके १९४० सालच्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि कथालेखनाच्या तंत्रावरचं त्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ सालचं आहे. म्हणजे तंत्र शिकता येतं की नाही हा वाद आपल्याकडे या संस्थेपेक्षा जुना. फडक्यांना नंतर आपण किती नावं ठेवली ते सांगायची गरज नाही. ते घरातलं भांडण आहे.

खरी परिषद मात्र रात्री भरते. विद्यार्थ्यांच्या खोल्या सहा-आठच्या गटात, मध्ये एक सामायिक स्वयंपाकघर. रात्री जेवणानंतर एकेका स्वयंपाकघरात मैफल जमते, वाइनच्या बाटल्या उघडतात, ओट्यावरसुद्धा लोक बसतात. तुम्ही पीत नसाल तर हातात सरबत चालतं, कुणी आग्रह करत नाही. पण खोलीत जाऊन झोपू नका. कुठला संपादक काय शोधतोय, कुठल्या करारातलं कुठलं कलम वाचून सही करावी, हे सत्रात सांगत नाहीत, सिंकपाशी सांगतात. मी पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता आणि दुसऱ्या रात्री लोक 'चिवडेवाली कुठल्या किचनमध्ये आहे' विचारत आले. दोन गोष्टी सांभाळा. चिवड्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगा, डबा पुढे करण्याआधी, कारण तिथे दाण्यांची ॲलर्जी हा जिवाशी खेळ असतो. आणि पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस सामानातून न्यायला तिथे बंदी आहे. बाकरवडी खुशाल न्या.

मिस्टरांबद्दल. त्या खोल्या एकट्यासाठीच्या असतात आणि ते आले की तुम्ही जेवणाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसाल, रात्री दहाला 'चला आता' होईल. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, पहिल्या वेळी ते तीन दिवस एकटीनं करा. त्यांना यायचंच असेल तर रविवारी दुपारनंतर लंडनला भेटा आणि मग पुढचे चार दिवस दोघं फिरा.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली जुनी, एके काळी सर्वांत मोठी संघटना, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, २०१९ च्या वंशभेदाच्या वादानंतर खिळखिळी झाली आणि मे २०२४ मध्ये तिनं दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. त्यामुळे जुने लेख वाचून तिकडचे बेत आखू नका. ऑस्ट्रेलियाची संघटना १९९१ पासूनची आहे, तिची परिषद बहुधा ऑगस्टमध्ये असते. नातेवाईक मेलबर्नला असतील तर राहण्याचा खर्च वाचवायला तो विचार करण्यासारखा आहे.

बारीकसारीक: तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच घ्या. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घड्याळ बघून जेवा, आकाश बघून नको. भारताची वेळ साडेचार तास पुढे. रात्री बाराला घरी फोन लावलात तर सासूबाई साडेचारला दचकून उठतील. शाकाहारी जेवण नोंदणीच्या अर्जातच लिहा, आयत्या वेळी सांगितलं तर उकडलेला बटाटा मिळतो. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, कसली परिषद? म्हटलं, प्रणयकादंबऱ्यांची. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

शनिवारच्या रात्रीच्या मोठ्या जेवणाला साडीच नेसा, पण इस्त्री न लागणारी. मी इरकल नेली होती. आवारातल्या हिरवळीवरून चालत जावं लागतं, उंच टाचा मातीत रुततात, सपाट चपला बऱ्या. पाऊस गृहीत धरा. आणि सेफ्टी पिना डझनभर न्या, मोठ्या आकाराच्या. त्या खेड्याच्या बाजूला शनिवारी संध्याकाळी सातनंतर पिन मिळेल असं एकही दुकान उघडं नव्हतं आणि माझा पदर शेवटी बावीस कादंबऱ्यावाल्या बाईच्या ओळखपत्राच्या क्लिपनं टाचला गेला.